छाव्याला मांडीवर घेण्याआधी

मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिण आफ्रिकेला निघाला असाल, तर पैसे भरण्याआधी टूरचा कार्यक्रम पुन्हा एकदा वाचा. त्यात 'सिंहाच्या छाव्यांसोबत फोटो', 'छाव्याला दूध पाजा' किंवा 'सिंहांबरोबर फेरफटका' असं काही आहे का ते बघा. असेल, तर तेवढा भाग काढून टाकायला सांगा.

मुलं हट्ट करतील. महिनाभराचा छावा असतोच तसा गोड. पण तो तिथे कसा आला आणि मोठा झाल्यावर त्याचं काय होतं, हे तिकीटखिडकीवर कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

दक्षिण आफ्रिकेच्या रानात सिंह आहेत साधारण ३,५००. कुंपणाआड पैदास केलेले त्याच्या दुपटीहून जास्त, ३०० हून अधिक ठिकाणी.

तिथे पिल्लू जन्मलं की थोड्याच दिवसांत, कधी काही तासांतच, आईपासून तोडतात. रानातली सिंहीण पिल्लांना दीड-दोन वर्षं सांभाळते आणि तोवर सहसा पुन्हा वीत नाही. पिल्लं काढून घेतली की ती लवकर माजावर येते. मालकाला पुढचं वेत लवकर मिळतं. वासरू तोडल्यावर गाय कशी हंबरते, ते तुमच्या घरातल्या थोरल्यांना विचारा. या सिंहिणींवर ती वेळ पुन्हा पुन्हा येते.

मग पाहुणे येतात, बाटलीने दूध पाजतात, फोटो काढतात. छाव्याची नखं लागू लागली की त्याला फेरफटक्याला जुंपतात. पुढे तोही धोक्याचा होतो. माणसाच्या हातून खायला शिकलेला हा सिंह रानात सोडता येत नाही. मग भरदार आयाळ आलेल्या नराला शिकारीसाठी विकतात. परदेशातून पैसे मोजून आलेला शिकारी, चारी बाजूंनी कुंपण आणि गाडीचा आवाज आला म्हणजे खाणं आलं असं समजणारा सिंह. याला शिकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हाडंही वाया जात नाहीत. वाघाच्या हाडांच्या जागी ती आशियातल्या बाजारात खपतात. २०१७ मध्ये तिथल्या सरकारनेच ८०० सांगाडे बाहेर पाठवायला मुभा दिली होती. या प्राण्यांच्या हालांचा विचारच केला नाही, म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती मुभा बेकायदा ठरवली. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ही पैदास थांबवायला सांगितलं आणि २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने तसं धोरण मंजूर केलं. पण धोरण झालं म्हणून दारं लगेच बंद होत नाहीत. तोवर हा धंदा तुमच्याआमच्या तिकिटावर चालतो.

अशा ठिकाणचे लोक म्हणतील, ही अनाथ पिल्लं आहेत, आम्ही वाचवली. मग विचारा: यांची आई कुठे आहे? बारा महिने इतकी लहान पिल्लं कुठून येतात? मागच्या वर्षीची आज कुठे आहेत? उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथून निघा. जिथे प्राण्यांना खरोखर आसरा देतात, तिथे पैदास करत नाहीत, प्राणी विकत नाहीत आणि पाहुण्यांना हातही लावू देत नाहीत.

तुमची मुलगी किंवा मुलगा 'सिंह वाचवण्याच्या' कामाला पैसे भरून जाणार असेल, तर हेच प्रश्न आधी लेखी विचारायला लावा. मुलं चांगल्या मनाने जातात. तिथे त्यांच्याकडून आईपासून तोडलेली पिल्लं वाढवून घेतात.

थायलंडला जाणाऱ्यांनीही वाघाशेजारी बसून फोटो काढू नयेत. कांचनाबुरीच्या एका मठातून २०१६ मध्ये १३७ वाघ बाहेर काढले, तेव्हा फ्रीझरमध्ये ४० मेलेले बछडे सापडले. त्याआधी वर्षानुवर्षं पर्यटक तिथे हौसेने फोटो काढत होते.

आणखी एक. नख, दात, हाडाचं लॉकेट असलं काही आठवण म्हणून आणू नका. कस्टममध्ये सापडलं तर सगळं कुटुंब विमानतळावर अडकेल आणि पुढे कोर्टाच्या खेपा सुरू होतील.

असा फोटो तुम्ही आधीच काढला असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता तो फोटो पुढे पाठवू नका आणि टूर कंपनीला चार ओळी लिहा. टूरच्या ग्रुपमधल्या इतर घरांनाही लिहायला सांगा. गिऱ्हाईक काय मागतं, हे कंपनी बघते.

छाव्यांचा कार्यक्रम काढून वाचलेल्या वेळात दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलात एक फेरी वाढवून मागा. मे-जूनमध्ये तिथे थंडी असते आणि पहाटे उघड्या गाडीत वारा झोंबतो, तेव्हा मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या हाताशी ठेवा.