नाकारलंत, तर कारण लिहा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली,
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो,
आणि भारतात लॅपटॉप विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख यांस,



मी जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीत एक्झामिनर होतो. वडील खडकीहून बदली होऊन इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. खडकी, वरणगाव, भंडारा, चांदा इथून अशीच बदली होऊन आलेली मराठी घरं खमरियाच्या वसाहतीत पुष्कळ होती. माझं आयुष्य तपासणीच्या टेबलावर गेलं. हातात गेज. त्याची ‘गो’ बाजू भागात गेलीच पाहिजे आणि ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. दारूगोळ्याच्या कारखान्यात यात दयामाया नसते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक पेटी परत पाठवली आणि चिठ्ठीवर फक्त ‘नापास’ लिहिलं. आमच्या साहेबांनी ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, माल परत पाठवायचा हक्क तुला आहे, कारण न लिहिण्याचा नाही. कोणतं माप चुकलं, किती चुकलं, ते लिही, नाहीतर मशीनवरचा माणूस दुरुस्त काय करणार? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कारणाशिवाय एकही चिठ्ठी लिहिली नाही. आज तुम्हाला हे पत्र लिहितो आहे ते त्या चिठ्ठीमुळेच.

माझी नात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट सादर करायला नऊ दिवस उरले होते. संध्याकाळी तिने लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. त्याचा अर्थ असा, की पॉवर अ‍ॅडॉप्टरचा प्रकार आणि वॅट ओळखता येत नाहीत, बॅटरी चार्ज होणार नाही आणि यंत्र मंद चालेल. चार्जर दुसरा कुठला नव्हता. तीन वर्षांपूर्वी लॅपटॉपबरोबर त्याच खोक्यातून आलेला, त्याच कंपनीचा, पोटावर आयएस १३२५२ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला. त्याचा दिवाही लागलेला होता. लॅपटॉप चालू राहिला, पण बॅटरी ४१ टक्क्यांवरून हलेना, आणि एक फाइल उघडायला इतका वेळ लागू लागला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आबा, हा आपलाच चार्जर आहे ना? मग हा ओळखत का नाही?”

आम्ही जे जे करता येतं ते केलं. भिंतीतलं सॉकेट बदललं, एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट लावून पाहिलं. चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज उतरते, आणि पुन्हा जोडला. सॉकेटात कापसाचे तंतू अडकलेत का ते टॉर्च लावून पाहिलं. यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोसच्या, म्हणजे मूळ सेटिंगच्या, पानावर गेलो. तिथे अ‍ॅडॉप्टरच्या रकान्यात ‘अज्ञात’ या अर्थाचा शब्द होता. बायोस नवं टाकून पाहा, असा सल्ला मिळाला. ते टाकायला गेलो तर यंत्र म्हणालं, आधी अ‍ॅडॉप्टर जोडा. जोडलेला होताच, पण त्याच्या लेखी नव्हता.

मग मी मल्टिमीटर काढला. चार्जरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट लिहिलेलं. पिनच्या बाहेरच्या आणि आतल्या कड्यावर टोकं ठेवली, १९.४ व्होल्ट आले. टोकं दाबूनही आकडा हलला नाही. वीज येत होती आणि ती बरोबर होती.

आता हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र लोकांनीही वाचावं म्हणून सांगतो. अशा चार्जरच्या गोल पिनमध्ये मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. बाहेरचं कडं ऋण, आतलं धन, आणि ही सुई विजेसाठी नाही, निरोपासाठी. काही चार्जरांत या सुईला जोडलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला एक इवलीशी चिप असते, तिच्यात चार्जर किती वॅटचा, किती व्होल्टचा हे लिहून ठेवलेलं असतं. लॅपटॉप जोडणी झाल्याबरोबर ते वाचतो. काही कंपन्या चिपऐवजी ठरावीक मापाचा रेझिस्टर ठेवतात, त्यावरून ओळख पटते. निरोप आला तर पूर्ण वेगाने चार्जिंग. निरोप आला नाही, तर यंत्र वाईटात वाईट धरून चालतं, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग उतरवतं. आमच्याकडे तुटली होती ती ही निरोपाची तार. केसाहून थोडी जाड. पिनच्या मानेपाशी, जिथे वायर रोज वाकते, तिथे.

पण हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. सेवा केंद्रात लॅपटॉप दिला, तिसऱ्या दिवशी फोन आला, मदरबोर्ड बदलावा लागेल. लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचा आकडा सांगितला. मी विचारलं, दुसरा चार्जर लावून पाहिलात का? तो मागवावा लागेल, असं उत्तर मिळालं. मी लॅपटॉप परत आणला.

रांझीच्या बाजारात एक मुलगा मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतो. त्याने पहिलं काम केलं ते सेवा केंद्राने करायला हवं होतं. ड्रॉवरमधून त्याच कंपनीचा दुसरा चार्जर काढून लावला. बॅटरी लगेच भरू लागली. म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत. मग आमच्या चार्जरची वायर मानेपाशी बोटांनी दाबत राहिला आणि एका जागी क्षणभर ओळख पटली. “अंकल, बस यही तार टूटा है.” जुनी पिन कापली, नवी जोडली, तिन्ही तारा वेगवेगळ्या बंदिस्त केल्या. अर्ध्या तासाचं काम. नातीने प्रोजेक्ट वेळेत दिलं. पण त्या नऊ दिवसांतले पाच गेले, आणि ते पाच दिवस तिने मैत्रिणीच्या खोलीवर, मैत्रिणीचा लॅपटॉप मोकळा होण्याची वाट पाहत काढले.

कंपन्यांच्या प्रमुखांना आधी हे सांगतो, की ओळख तपासण्याला माझा विरोध नाही. ९० वॅट मागणाऱ्या यंत्राला कुणी ४५ वॅटचा चार्जर लावला तर तो तापतो. बाजारात नकली चार्जर आहेत, त्यांच्या आत सुरक्षेचे भाग गाळलेले असतात, आणि त्यांनी आग लागू शकते. मी दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस आहे. संशय आला तर थांबा, हे मला कुणी शिकवायला नको. तुमच्या यंत्राने थांबावं. पण का थांबलं ते सांगावं.

कारण यंत्राला ते कळलेलं असतं. निरोपाच्या तारेवर काहीच उत्तर आलं नाही, ही एक गोष्ट. उत्तर आलं पण अर्धवट किंवा बिघडलेलं, ही दुसरी. उत्तर नीट आलं पण वॅट कमी, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात वायर किंवा पिन पाहायची, दुसऱ्यात चिपवर संशय घ्यायचा, तिसऱ्यात मोठा चार्जर आणायचा. आत येणारी वीज किती व्होल्टची आहे हेही यंत्र मोजू शकतं. मग पडद्यावर एवढंच का लिहीत नाही, की ‘वीज १९.४ व्होल्ट, बरोबर; ओळखीच्या तारेवर उत्तर नाही; चार्जरची वायर आणि पिन तपासा’? ही एक ओळ असती, तर मदरबोर्ड बदलायचा सल्ला देण्याची सोयच उरली नसती. ती ओळ हिंदीत, मराठीत, तमिळमध्येही असावी, कारण लॅपटॉप तुम्ही तिथेही विकता.

दुसरी गोष्ट वायरची. तुमच्या कित्येक चार्जरांना भिंतीकडची वायर सुटी निघते आणि लॅपटॉपकडची चार्जरच्या डब्यात, म्हणजे विटेतच, पक्की बसवलेली असते. रोज गुंडाळली जाते, वाकते, पायात अडकते ती लॅपटॉपकडची. तुटायची ती हीच, आणि ती तुटली की आख्खी वीट फेकायची. तिला घरी उघडून पाहावं असं मी कुणालाही सांगणार नाही. आपल्याकडच्या २३० व्होल्टपासून आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. म्हणूनच ती वायर बाहेरून बदलता येईल अशी करा, आणि तिचा सुटा भाग विका. लॅपटॉपमधल्या सॉकेटचंही तेच. काही मॉडेलांत ते छोट्या वायरीवर वेगळं बसवलेलं असतं, चार-दोन स्क्रू काढून बदलता येतं. काहींत थेट मदरबोर्डवर डाक दिलेलं असतं. ज्याला रोज धक्का बसणार तो भाग बोर्डावर पक्का करणं ही रचनेतली चूक आहे. आमच्याकडे असं ड्रॉइंग आलं असतं तर शंका काढून परत गेलं असतं.

सुटे भाग एकमेकांच्या जागी बसावेत ही कल्पना शस्त्रांच्याच कारखान्यांतून वाढली. १७८५ साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लां या कारागिराने बंदुकीच्या चापांचे भाग वेगवेगळे ठेवले होते. तिथे आलेल्या थॉमस जेफरसन यांनी त्यातले हाताला येतील ते भाग उचलून चाप जुळवले आणि ते जुळले. त्याला आता २४० वर्षं झाली. तरी आजही त्याच व्होल्टची, त्याच वॅटची वीज देणारी वस्तू केवळ पिनच्या आकारामुळे शेजाऱ्याच्या लॅपटॉपला चालत नाही, हे मला पटत नाही.

मा. सचिव आणि मा. महासंचालक, इथून पुढचं तुमच्यासाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुमच्याच विभागाच्या बैठकीत मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉपना टाइप-सी हेच चार्जिंगचं पोर्ट असावं यावर उत्पादकांशी सर्वसाधारण सहमती झाली. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने टाइप-सीचं भारतीय मानक जाहीर केलं, आयएस/आयईसी ६२६८०-१-३. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदाच केला आणि तारखा बांधून दिल्या, मोबाइल वगैरेंसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६. मानक आणि सहमती आपल्याकडेही आहे. मला लॅपटॉपसाठी बंधनकारक तारीख हवी आहे.

टाइप-सी आलं की सगळं सुटेल असं मी समजत नाही. तिथेही चार्जर आणि यंत्र आधी एका तारेवर बोलतात. बोलणं जमलं नाही तर चार्जर ५ व्होल्टवरच थांबतो, जमलं तर २० व्होल्ट आणि १०० वॅटपर्यंत, आणि २०२१च्या सुधारणेनंतर ४८ व्होल्ट, २४० वॅटपर्यंत जातो. वायर हलकी असली तरी अडतं. पण दोन फायदे खरे आहेत. वायर पुष्कळदा दोन्हीकडून सुटी निघते, आणि तपासून पाहायला शेजारच्या घरचा चार्जर मागून आणता येतो. ‘तुमचा चार्जर कमी ताकदीचा आहे’ असं टाइप-सीचे बरेच लॅपटॉप आजच स्पष्ट सांगतात. म्हणजे कारण सांगणं जमतं.

दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल तुम्ही २४ डिसेंबर २०२२ ला सुरू केलंत. मे २०२५ मध्ये तुमच्या विभागाच्या समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती निर्देशांकाची, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते ते सांगणाऱ्या गुणांची, शिफारस केली. तो विकत घेतानाच ग्राहकाला दिसावा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना असा निर्देशांक दाखवावा लागतो. आपला निर्देशांक लॅपटॉपला लागू कराल तेव्हा त्यात दोन प्रश्न घाला. चार्जरची वायर आणि सॉकेट वेगळं मिळतं का, आणि बिघाडाचं कारण यंत्र स्वतः सांगतं का? आणि सेवा केंद्राने महागडा भाग बदलायला सांगितला, तर तपासणीत काय मोजलं ते लेखी देणं सक्तीचं करा. कोणता चार्जर लावून पाहिला, किती व्होल्ट आले, कोणती तार मुकी होती. अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरेल.

जबलपुरात निदान रांझी आहे, शहरात दुकानं आहेत. इथून मंडला, दिंडोरी, बालाघाटकडे जा, तिकडे गडचिरोलीकडे जा. एका घरात एक लॅपटॉप, तोही कर्जाचा किंवा शिष्यवृत्तीच्या पैशांतला. त्या पोरांना ‘अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही’ एवढंच वाचून जिल्ह्याच्या गावी बसने जायचं, आणि तिथे मदरबोर्ड ऐकायचा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, मी ती लोकांना सांगतो. पण तक्रारीत लिहायचं काय, हेच त्या पोराला कळलेलं नसतं, कारण यंत्राने त्याला कारण दिलेलं नसतं.

नातीच्या चार्जरला त्या मुलाने पांढरी पट्टी चिकटवून दिली आहे. तिच्यावर पेनने लिहिलं आहे, ‘बीच की तार टूटी थी, नई पिन’, आणि खाली तारीख. तुमच्याकडून मला एवढीच ओळ हवी होती. कोणत्या तारखेपासून ती मिळू लागेल, ते लेखी कळवावं.

आपला,
एक निवृत्त एक्झामिनर
खमरिया, जबलपूर