आभासी चलन आणि बँकेबाहेरचा माणूस

नाशिकच्या इंदिरानगरापासून नाशिकरोडचा नोटांचा छापखाना फार दूर नाही. १९२८ पासून तेथे नोटा छापल्या जात आहेत. इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत बांधकामांवर राबणारा बिगारी मात्र आठवड्याची हजेरी बहुधा रोखीनेच घेतो आणि गावी पैसे पाठवायचे तर ओळखीच्याचे खाते शोधतो. अशा माणसाला बँकेची पायरी न चढता मोबाइलवरच चलन वापरता यावे, असा बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या पुरस्कर्त्यांचा आग्रह आहे.

हा आग्रह नाशिक जिल्ह्याने तरी हसण्यावारी नेऊ नये. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर अवघ्या सहा दिवसांत, १४ नोव्हेंबरला, जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. आधी जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची मुभा मिळण्यास जून २०१७ उजाडला. थकीत कर्जांनी आधीच पोखरलेली नाशिक जिल्हा बँक त्यातून सावरली नाही. शेतकऱ्यांना स्वतःच्याच ठेवी मिळेनात, शिक्षकांचे पगार अडकले. खाते होते, पासबुकावर आकडा होता, पैसे नव्हते. ‘मधला माणूसच नको’ ही कल्पना अशा वेळी मोहक वाटणारच.

पण मधला माणूस खरोखर हटतो काय? बिटकॉइन घेणारा सामान्य ग्राहक ते एखाद्या खासगी बाजारमंचावरच ठेवतो. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरचे आभासी चलन चोरीस गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. बँकेतील ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. येथे तेही नव्हते. मंच टाळून चलन स्वतःच्या ताब्यात ठेवावे, तर गुप्त संकेत हरवला की पुंजी कायमची गेली. भावातील चढउतार हा आणखी वेगळा प्रश्न. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला भिडलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आले. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने किराण्याचे पैसे त्यात ठेवावेत, असे कोण सुचवील?

एल साल्वादोरने ते करून पाहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशाने बिटकॉइनला कायदेशीर चलन केले आणि सरकारी अ‍ॅप घेणाऱ्यास ३० डॉलर दिले. भेट खर्च झाल्यावर बहुतेकांनी अ‍ॅप वापरणे सोडले. जानेवारी २०२५ मध्ये नाणेनिधीच्या कर्जापोटी बिटकॉइन स्वीकारण्याची सक्तीही मागे घेण्यात आली. उलट केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ने साध्या फोनवर आणि देशाच्याच चलनात कोट्यवधी लोकांना व्यवहार करू दिले. तेथील यशाचे रहस्य कोपऱ्यावरच्या दुकानदारात होते: फोनमधील रकमेच्या बदल्यात तो तत्काळ रोख नोटा देत असे. आभासी चलनाचे घोडे नेमके येथेच अडते.

भारतात ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली गेली. त्यांची संख्या २०२३ मध्येच ५० कोटींपुढे गेली. तथापि जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातील सुमारे ३५ टक्के खाती वर्षभर निष्क्रिय आढळली. आभासी चलनावर २०२२ पासून नफ्याच्या ३० टक्के कर आहे आणि तोटा वजा करण्याची सोय नाही. अशा स्थितीत ते गरिबांचे नव्हे, सट्टेबाजांचेच साधन उरते.

रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपयाचे किरकोळ प्रयोग १ डिसेंबर २०२२ पासून सुरू झाले आणि इंटरनेटविना वापराची चाचणी घेण्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याचा भाव रुपयाशी बांधलेला आहे, हे निश्चितच बरे. मात्र ई-रुपयाचे पाकीट सुरुवातीला मिळत होते ते बँकेमार्फतच; म्हणजे इंदिरानगरच्या त्या बिगाऱ्याला तेव्हा पुन्हा बँकेच्याच दारात उभे राहावे लागले असते.