चिवट गवत आणि जनावराचे पोट

गवत किती आहे हे भारे मोजून सांगता येते. ते किती चिवट आहे हे मात्र चरणाऱ्या जनावरालाच प्रथम कळते. सांडोरसारख्या वसईच्या किनाऱ्यालगतच्या गावांत वाढत्या वस्तीने चराईची जागा आखडली आहे. तेथे या दुसऱ्या गोष्टीकडे डोळेझाक करणे पशुपालकास परवडणारे नाही.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुबका वेटाळते, खालचे दात व वरची कठीण हिरडी यांमध्ये धरते आणि मानेच्या हिसक्याने तोडते. कोवळे पाते सहज तुटते. गवत फुलोऱ्यावर आले की दांडे वाढतात, तंतू जाड होतात, त्यांत काष्ठद्रव्य साठते. मग जनावर लहान घास घेते आणि पुष्कळ वेळ चरूनही त्याचे पोट भरत नाही. शेळीचे तसे नव्हे. अरुंद तोंड व चपळ ओठ यांमुळे ती दांडे सोडून पाने तेवढी वेचते.

घास गिळला म्हणजे काम संपले असेही नाही. चाऱ्याचे तुकडे काही मिलिमीटरांइतके बारीक झाल्यावाचून कोठीपोटातून सहसा पुढे सरकत नाहीत. चिवट चाऱ्याच्या रवंथात तास जातात, कोठीपोट भरलेलेच राहते व भूक मंदावते. भरल्या पोटी जनावर खंगते ते असे.

कोकणपट्टीत गवत पाऊस ओसरल्यावर कापतात. भर पावसात कापलेले गवत कुजते, हे खरेच. परंतु उघडीप मिळूनही केवळ वजन वाढावे म्हणून कापणी लांबविणे हा उघड तोट्याचा व्यवहार होय. कुसळी गवताच्या बाबतीत तर पक्व कुसळे जनावराच्या तोंडात रुततात. निदान घरच्या जनावरांपुरते गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापावे.

भाताचा पेंढा याहून कठीण, कारण त्यात काष्ठद्रव्याबरोबर वाळूच्या जातीचे सिलिकाही विपुल असते. कुट्टी केल्याने नासाडी कमी होते. पेंढ्याचा कस मात्र वाढत नाही. त्यासाठी १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा व ढीग दाबून ३ आठवडे हवाबंद झाकावा. प्रमाण अंदाजाने घेऊ नये. जादा युरिया विषारी ठरतो. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये, आणि इतरांनाही तो उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवल्यावरच घालावा.