१९४७ चा कायदा आणि १९५३ ची घरे

ब्रिटनमध्ये घरे महागली की बोट हमखास १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याकडे वळते. सरकारी परवानगीवाचून बांधकाम नाही, असा तो कायदा. घरे त्यानेच अडवली, असे म्हणतात.

मग १९५३ चे काय करायचे? कायदा तोच होता. तरी मंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी वर्षाला ३ लाख घरांचे वचन त्या वर्षी पुरे केले. (पक्ष हुजूर, समाजवादी नव्हे!) त्यांतील बहुसंख्य घरे पालिकांनी भाड्याने देण्यासाठी बांधली होती.

खरे वळण १९८० चे. थॅचर सरकारने पालिकेच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. तो हक्क मला गैर वाटत नाही; लाखो कष्टकरी कुटुंबे त्यामुळे मालक झाली. गैर होते ते पुढचे. विक्रीचा पैसा नव्या घरांवर खर्च करण्यास पालिकांवर निर्बंध आले आणि त्यांचे बांधकाम हळूहळू जवळजवळ थांबले. ती उणीव खासगी विकासक भरून काढील, ही अपेक्षा फोल ठरली. भाव उतरतील इतकी घरे तो बांधील कशाला?

२०२४ साली आलेल्या मजूर सरकारने इंग्लंडमध्ये १५ लाख घरांचे लक्ष्य ठेवले असून भर परवानग्या सुलभ करण्यावर आहे. त्यांतली किती घरे पालिका बांधणार, हे आधी विचारायला हवे.