मनातले मांडे आणि कुंभारीची घरे

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. तो मांडण्याआधीच खोडून काढण्याची खोड आपल्या वादांमध्ये फार. तर पूर्वपक्ष असा: माणसाचे आयुष्य त्याच्या विचारांनी घडते. विचार उदास तर दिवस उदास. विचार उमेदीचे असले की हात चालतात, माणसे जोडली जातात, तब्येतही साथ देते. म्हणून सकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःला चार चांगली वाक्ये ऐकवा, हवे ते मिळालेच आहे असे डोळ्यांसमोर आणा, कुरकुर करणाऱ्यांची संगत सोडा. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ १९५२ साली अमेरिकेत निघाले. तेव्हापासून हा माल नवनव्या वेष्टनांत विकला जातो आहे आणि आता तो सोलापुरातल्या सभागृहांपासून मोबाइलवरच्या सकाळच्या संदेशांपर्यंत सगळीकडे पोचला आहे. त्यात तथ्य अजिबात नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हिरमुसलेला माणूस नोकरीचा अर्ज भरत नाही, खचलेली बाई दवाखान्याची पायरी चढत नाही, हे कुणीही पाहू शकते. मनाचा आणि कृतीचा संबंध आहेच. वाद आहे तो या संबंधाच्या दिशेबद्दल. मन आधी पालटते आणि मग आयुष्य हलते, की आयुष्यातली एखादी गोष्ट आपल्या हाताने हलते आणि मग मन पालटते? माझा पक्ष दुसरा आहे, आणि पहिला पक्ष नुसता अपुरा नसून पुष्कळदा अपायकारक ठरतो, असेही माझे म्हणणे आहे.

मराठी भाषेने या प्रश्नावर आपले मत केव्हाच देऊन ठेवले आहे. मनातले मांडे खाणाऱ्याची ती चेष्टा करते. ही चेष्टा प्रयोगात टिकते का, हे गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तपासले. १९९१ सालच्या त्यांच्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रिया होत्या. आपण सडपातळ झालो आहोत, सगळे कौतुक करताहेत, अशी गोड चित्रे ज्या जास्त रंगवत होत्या त्यांचे वजन इतरांपेक्षा कमी घटले. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पदवीधर तरुणांचे असेच दिसले: उत्तम नोकरीची स्वप्ने जे जास्त रंगवत होते त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी पाठवले, त्यांना नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. कारण सरळ आहे. पोट मनातच भरले तर चूल कोण पेटवणार? पण या अभ्यासांतला खरा मोलाचा भाग पुढचा आहे, आणि तो व्याख्यानांत कधी ऐकू येत नाही. ‘मला हे जमेल, कारण मागे असे काही जमले होते’ असा अंदाज बाळगणाऱ्यांची प्रगती चांगली झाली. म्हणजे आशेचे दोन प्रकार आहेत. एक अनुभवातून आलेली अपेक्षा, दुसरे स्वप्नरंजन. बाहेरून दोन्ही सारख्याच हसऱ्या दिसतात.

दोष पाहू नका, चांगले तेवढे पाहा, हा या उपदेशाचा दुसरा खांब. सोलापुरात तरी तो कुणी सांगू नये. चादरीच्या मागावर उभा धागा तुटला की माग थांबवावा लागतो, तुटलेले टोक शोधावे लागते, गाठ मारावी लागते. तसे केले नाही तर तो दोष कापडात पुढेपर्यंत चालत जातो. चांगल्या विणकराची नजर फुलावर कमी आणि तुटणाऱ्या धाग्यावर जास्त असते. त्याला कुणी नकारात्मक म्हणत नाही. मग जो कामगार मशिनचा आवाज बदललाय म्हणतो, जी सून घरातला हिशेब जुळत नाही म्हणते, जो विद्यार्थी हा अभ्यासक्रम मला झेपत नाही म्हणतो, त्यांनाच ‘दृष्टिकोन बदला’ असे का सांगितले जाते? बहुधा ऐकणाऱ्याला माग थांबवायचा नसतो म्हणून.

अपाय इथून सुरू होतो. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य स्वतःशी घोकल्यावर ज्यांचा आत्मविश्वास मुळात शाबूत होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा खचलेला होता त्यांना मात्र आधीपेक्षा वाईट वाटले. औषध ज्याला हवे त्यालाच ते बाधते आणि ज्याला नको त्याला मानवते, अशी ही गत. खचलेल्यांचे मन त्या वाक्याला आतून उलट उत्तर देत असणार आणि तेच उत्तर जास्त मोठ्याने ऐकू येत असणार. कर्करोगाच्या बाबतीत तर हा उपदेश क्रूर होतो. डोके व मानेच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांची माहिती जेम्स कॉयन यांच्या गटाने २००७ साली तपासली. रुग्णाची मनःस्थिती चांगली असणे आणि तो अधिक काळ जगणे यांत त्यांना काहीच नाते आढळले नाही. तरीही वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येक जण ‘विचार चांगले ठेवा, सगळे ठीक होईल’ म्हणून जातो. मग ठीक झाले नाही तर? विचार कमी पडले, असा ठपका रुग्णावर येतो. आजार एक, अपराध वरून.

सोलापूरच्या माणसाला यावर वेगळा पुरावा नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मले. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते; चौघे परतले, ते राहिले. युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या आजाराने, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. भाषणांत त्यांना सकारात्मकतेचा पुतळा करून उभे केले जाते. त्यांची उमेद थोर होती यात शंका कोण घेईल? पण तिने त्यांचे फेफरे थांबवले नाही, आणि थांबवायला हवे होते असे मानणे हाच त्यांचा अपमान आहे. त्यांची उमेद स्वतःच्या भविष्याबद्दलच्या गोड चित्रांत नव्हती. समोर जखमी होता, हाताला शस्त्रक्रिया येत होती, एवढ्यावर ती उभी होती.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप. आशावादी माणसे जास्त जगतात, असे मोठे अभ्यास सांगतात. २०१९ साली अमेरिकेतल्या स्त्री-पुरुषांच्या दीर्घ पाहणीतून असाच निष्कर्ष निघाला. तो मी नाकारत नाही. पण त्यात ‘आशावाद’ म्हणून जे मोजले गेले ते काय होते? माझ्या बाबतीत गोष्टी बऱ्यापैकी मार्गी लागतात, असे तुम्हाला साधारणपणे वाटते का, अशा धर्तीचे प्रश्न. ज्याच्या बाबतीत गोष्टी खरोखर मार्गी लागत आल्या आहेत, त्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. संशोधक पैसा, शिक्षण, आधीचे आजार यांचा हिशेब वेगळा काढतात, तरी कित्येक वर्षांच्या बऱ्या-वाईट अनुभवांचा गाळ पूर्ण निथळून निघत नाही. आणि समजा निघाला, तरी आरशासमोरचे घोकणे म्हणजे तो आशावाद, हे कुठे सिद्ध झाले? तिथे मोजले गेले ते पीक होते. विकले जाते ते पिकाचे चित्र.

खंडन इथवर पुरे. मंडनासाठी मानसशास्त्राच्याच एका गाजलेल्या चुकीकडे जावे लागते. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. जे विजेचे झटके काही केल्या टाळता येत नव्हते ते सोसलेली कुत्री पुढे सहज टाळता येणारे झटकेही सोशीत पडून राहिली. याला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ असे नाव दिले. याच सेलिगमन यांच्या नावावर पुढे सकारात्मक मानसशास्त्राची सगळी इमारत उभी राहिली. मात्र जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, मेंदूवरचे नंतरचे संशोधन पाहून या दोघांनीच जाहीर केले की मूळ मांडणी उलटी होती. त्रास लांबला की गप्प पडून राहणे हा प्राण्याचा मूळ धर्म आहे. तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे की, माझ्या हालचालीने फरक पडतो. आपल्या हातून त्रास थांबल्याचा अनुभव मेंदूत नोंदला जातो आणि तीच नोंद पुढच्या संकटात गळून पडण्यापासून वाचवते. आपलेच सिद्धान्त असे उलटे करून मांडायला धैर्य लागते. पण प्रेरणा देणाऱ्यांच्या बाजारात ही दुरुस्ती अजून पोचलेली दिसत नाही. तिचा अर्थ असा की, उमेद आधी साठवून मग खर्च करायची पुंजी नाही. ती मजुरी आहे, केलेल्या कामाबद्दल मागाहून हातात पडणारी.

हे माणसांना लागू पडते का? शेजारच्या गोव्यात पाहा. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, गंभीर नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका. त्यांत विचार बदलण्यावर भर नव्हता. तुम्ही पूर्वी काय करत होता, आता काय करायचे सोडले आहे, या आठवड्यात त्यातले कोणते एक काम, कोणत्या दिवशी, कुणाबरोबर कराल, असे साधे ठरवणे होते. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणे जवळपास ओसरली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आधी पाय उंबऱ्याबाहेर पडला, मन मागून आले.

हीच गोष्ट एका माणसाऐवजी हजारोंच्या बाबतीत कशी घडते हे पाहायला सोलापूरपासून फार लांब जायला नको. विड्या वळणारी बाई घरात बसून पाने कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घेते. खराब ठरलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात. शहराच्या पूर्व भागातल्या दाटीत एका खोलीत संसार आणि कारखाना दोन्ही. अशा बाईला ‘मोठी स्वप्ने पाहा’ म्हणणे सोपे होते. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या कामगार संघटनेने तिला सभासद केले, वर्गणी भरायला लावली, मोर्चात चालवले, कागद जमवायला शिकवले. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार स्त्रिया अशा तिघांच्या पैशांतून कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. त्याच कुंभारीत तीस हजार घरांचे रे नगर आले. त्यातली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ जानेवारी २०२४ रोजी असंघटित कामगारांना दिली. दोन टोकांचे दोन पंतप्रधान, पण मागणीचा अर्ज एकाच हातचा. घर मिळाले आणि सगळ्या जणी सुखी झाल्या, असा दावा मी करत नाही. शहर लांब पडते, तंबाखूची धूळ तीच राहते. पण दहा हजार घरे उभी राहिल्यावर तीस हजारांची मागणी करायला जे मन लागते ते कुठल्या व्याख्यानातून आले नाही. ते पहिल्या दहा हजार घरांतून आले.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष परिस्थितीचा, माणसाने काही करायचे नाही! नेमके उलट. परिस्थिती मनावर किती बसते हे मात्र आधी मान्य करावे. तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांची तोडीआधी आणि तोडीनंतर, पैसा हातात आल्यावर, बुद्धीची चाचणी घेतली गेली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच माणसाची कामगिरी पैशाच्या ओढाताणीत घसरलेली दिसली. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या आपल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे असा नियम असताना ते महिनोन्‌महिने लटकले, तर त्या शेतकऱ्याला मनःशांतीचे शिबिर नको असते, बिल हवे असते. बिलासाठी कारखान्यावर जाणे हीच त्याची मानसिक आरोग्याची पहिली पायरी होऊ शकते. इतकी साधी गोष्ट आपण ‘तक्रारखोरपणा’ म्हणून मोडीत काढतो.

तक्रारीला पाप मानायची सवय तरी आपली आहे का? याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे चोखोबा. देवाच्या दारात उभे राहून देवालाच जाब विचारणारी त्यांची वाणी सहा-सात शतके गायली जाते आहे. तुकोबांनीही दुष्काळ, दिवाळे आणि घरातले मृत्यू झाकून ठेवले नाहीत. वारकऱ्यांनी या संतांना नकारात्मक ठरवून दिंडीबाहेर काढले नाही. गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, अशी परंपरा सांगते. पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे, आणि वारकरी तिथे माथा टेकून मग आत जातो.

एक आक्षेप उरतो, आणि तो प्रामाणिक आहे. संघटना सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एकट्या माणसाने उद्या सकाळी काय करावे? नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात सकाळ तशीही दुसऱ्याच्या वेळापत्रकाने चालते. तरी दिवसातले एखादे काम असे निवडता येते की ते केल्याचे संध्याकाळी डोळ्यांना दिसेल: एक अर्ज, एक फेरी, थकलेल्या हिशेबाचे एक पान. ते ठरल्या वेळी आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने करावे. जिथे तेवढेही होत नाही, झोप उडाली आहे, जगणे नकोसे वाटते, तिथे घरच्यांनी उपदेश थांबवून डॉक्टर गाठावा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. बाकीच्यांनी संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी सोलापुरात चालणारा नंदीध्वजांचा सराव एकदा पाहावा. मिरवणुकीच्या आधी कित्येक दिवस ते उंच, जड काठ्यांचे ओझे उचलणे सुरू असते. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला ‘पेललाच आहेस असे समज’ म्हणून कुणी सांगत नाही. जाणती माणसे शेजारी उभी राहतात, काठी कलली की सावरतात, थोडे अंतर चालू देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात.