तोडलेला ऊस साखर खातो



बाजरीच्या भाकरीचा कोरडा घास तोंडात घ्या आणि न गिळता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागेल. लाळेतल्या एका द्रव्याने पिठातल्या स्टार्चची साखर केली. अशा द्रव्यांना विकर म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम. विकर स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून अगदी थोडा असला तरी तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

उसातही इन्व्हर्टेज नावाचा विकर आहे. पानांनी उन्हात तयार केलेली साखर तो फोडतो, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि त्यावर कोवळी कांडी वाढते. शेंडा पाणचट आणि बुडखा गोड लागतो तो यामुळेच. पक्व कांडीत हे काम मंदावलेले असते.

कोयता बसला की पानांची मिळकत बंद होते, कांडीचा खर्च मात्र चालूच राहतो. तोडलेला ऊस लगेच मरत नाही, बरे का! तो श्वास घेतो, साखर जाळतो, वाळतो, आणि विकराला पुन्हा जोर चढतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर फारच. आमच्या घरच्या उसाची एकदा हीच गत झाली. तोड झाली आणि ट्रॅक्टर आला तिसऱ्या दिवशी. वजन घटले ते काट्यावर दिसले, साखर किती गेली ते काटा सांगत नाही. ऊस आपण वजनावर घालतो, पण एफआरपीचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एकाच्या शिळ्या उसाचा भुर्दंड सगळ्यांना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात ही झळ घरोघर पोचते.

तेव्हा वाहनाची खात्री झाल्याशिवाय तोड घेऊ नका. चोवीस तासांत गाळप व्हावे. उशीर होणारच असेल तर मोळ्या सावलीत रचा, पाचटाने झाका, वर पाणी शिंपडा. फड पेटवून तोड करू नका, जळका ऊस फार लवकर आंबतो.

गुऱ्हाळवाल्यांनाही हे लागू आहे. शिळ्या उसाच्या गुळाची ढेप नीट बसत नाही, चिकट राहते. काहिलीत रस उकळला की विकर निकामी होतो, पण फुटलेली साखर पुन्हा जुळत नाही.

बेण्याची गोष्ट मात्र उलटी. वरच्या कोवळ्या भागात ग्लुकोज जास्त, म्हणून तिथले डोळे लवकर फुटतात. बेणे नऊ ते अकरा महिन्यांच्या उसाचे घ्या, आणि तोडल्यावर लवकर लावा.