रशियन अवघड? मराठी मुलांना नव्हे!

विद्यापीठात परदेशी भाषा निवडताना अनेक जण 'फार अवघड' म्हणून रशियन टाळतात. माझ्या मते मराठी मुलांनी तरी हे कारण सांगू नये. लिपी ३३ अक्षरांची. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' आणि 'एच'सारखे 'न' वाचायची सवय लागली, की निम्मी भीती जाते. सहा विभक्त्या आहेत खऱ्या. पण 'घर'चे 'घरात' करणाऱ्याला 'दोम'चे 'व दोमे' का जड जावे? तीन लिंगे तर आपण बोलायला लागल्यापासून वापरतो. क्रियापदांच्या जोड्या मात्र घाम काढतात, हेही सांगायला हवे.

पालक विचारतात, इंग्रजी असताना उपयोग काय? टी-९० रणगाडे आणि सुखोई-३० विमाने आपल्या सैन्यदलांत आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत रशियन शिकवतात, ती उगाच नव्हे. केवळ दुभाष्यावर विसंबणारा अधिकारी दुसऱ्याच्या कानांनी ऐकतो.

म्हणून छात्रांनो, केवळ गुणांसाठी ही भाषा घेऊ नका. कवायतीसारखा रोज अर्धा तास मोठ्याने सराव करा. पहिले वर्ष नेटाने काढा. पुढची वाट सोपी होईल.